डोंगराचा करदोटा

राजूरच्या बाजारात केळी आणि भेळेचे पुडे घेऊन गाडी पुढे निघाली, तेव्हा मागच्या सीटवर हाकांचा खेळ रंगला होता. चार वर्षांचा ओंकार बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन "राजी" म्हणायचा आणि सात वर्षांची राजेश्वरी काही ऐकलंच नाही असं करून खिडकीबाहेर बघत राहायची. तो पुन्हा हाक मारायचा, ती पुन्हा गप्प. तिसऱ्या हाकेला मात्र ती "ओ" म्हणून ओरडायची आणि दोघंही हसत एकमेकांच्या अंगावर पडायची.

हा खेळ आबांचा. आबा म्हणजे मुलांचे आजोबा, सूर्यभान. बेलापूरच्या शिवारात त्यांचा ऊस होता. वीज रात्रीची असली की बॅटरी घेऊन ते एकटेच पाण्यावर जायचे.

"रातीचं उसात कुणी एक हाक मारली, तर ओ द्यायची न्हाई," पुढच्या सीटवरून मान वळवून ते सांगत होते. "दुसरी आली तरी गप ऱ्हायचं. तिसरी आली का समजायचं, माणूस हाय. दुसरं काही असलं तर त्याला तिसरी हाक मारता येत न्हाई."

"दुसरं म्हणजे काय?" राजीने विचारलं.

"दुसरं म्हंजी दुसरं."

"बिबट्या?"

"बिबट्या कशाला हाक मारंल? त्यो काय आपला सोयरा हाय?"

"पोरांच्या डोक्यात काहीही भरू नका," मागे बसलेल्या आजी, मनकर्णाबाई, म्हणाल्या. "हाक आली की ओ द्यावी. साधी गोष्ट आहे."

"बाई, तुमी तुमचा तास घ्या, आमी आमचा घेतो," आबा म्हणाले.

सगळं गाव मनकर्णाबाईंना 'बाई'च म्हणायचं आणि लग्नानंतर काही वर्षांनी नवराही तेच म्हणायला लागला होता. आयुष्यभर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती. मुलाने प्रश्न विचारला की त्या उत्तर देत नसत. "तूच शोध बरं," म्हणायच्या आणि मूल शोधत बसलं की लांबून बघत राहायच्या. निवृत्त झाल्यावर वर्गात राजी आणि ओंकार एवढेच उरले, पण रीत तीच होती.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना डोंगर दाखवायचा हा बेतही त्यांचाच. बेलापूरकडची जमीन ताटासारखी सपाट. तिथल्या मुलांना उंच म्हणजे साखर कारखान्याची चिमणी. मुलगा कल्याण लगेच तयार झाला. सून अश्विनीने मात्र दोन दिवस हो म्हटलं नव्हतं. "मुलं लहान आहेत, आई. राजी तर हात सोडून पळते," ती म्हणाली होती. तेव्हा मनकर्णाबाईंनी तिला सांगितलं होतं, "मी आहे ना. पोरीवरून माझी नजर हलायची नाही." त्या शब्दावर अश्विनी निघाली होती.

राजूरच्या पुढे, धरणाच्या अंगाला असलेल्या त्या डोंगराला खालच्या वाडीतले लोक चौरंग म्हणतात. माथा सपाट आणि चारी बाजूंनी तुटलेले कडे, म्हणून चौरंग. मुलांना माथ्यापर्यंत न्यायचं नव्हतंच. निम्म्या उंचीवर डोंगराला एक रुंद पायरी आहे, तिथे कातळात एक गुहा आहे, पाण्याचं टाकं आहे. तिथे बसून खायचं आणि उतरायचं, एवढंच ठरलं होतं.

वाट सोपी होती. पिवळ्या पडलेल्या भातखाचरांच्या बांधांवरून ती जंगलात शिरली आणि कारवीच्या झुडपांमधून वर चढली. आबा गुडघा धरत, थांबत चालले. ओंकार थोडा वेळ चालला आणि मग बापाच्या खांद्यावर बसला. राजी सगळ्यांच्या पुढे. दिवाळीला घेतलेल्या काचेच्या हिरव्या बांगड्या तिच्या हातात होत्या आणि त्यांच्या आवाजावरून ती कुठे आहे ते कळत होतं. मनकर्णाबाई साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून, त्या आवाजामागे चालत होत्या.

गुहेपाशी पोचल्यावर त्यांनी हातातली काठी समोरच्या कड्याकडे रोखली आणि तास सुरू केला.

"राजी, गुऱ्हाळात गूळ कसा करतात?"

"रस उकळतात. मग वाफ्यात ओततात. मग तो घट्ट होतो."

"हा डोंगर तसाच झालाय. फार फार वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि आतून तापलेल्या दगडाचा रस उतू आला. पसरला, निवला, घट्ट झाला. मग पुन्हा आला, त्यावर पसरला. असे थरावर थर. मोज बरं कड्यावरचे."

राजीने बोट हलवत मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. "हा तांबडा का? बाकी सगळे काळे."

गुहेच्याच पातळीवर, काळ्या कड्याच्या पोटात, तांबड्या रंगाचा एक पट्टा होता. दोन हात जाडीचा, विटेच्या रंगाचा. गुहेच्या भिंतीतून निघून तो डावीकडे कड्याला धरून लांब गेला होता.

"तुला काय वाटतं?"

"वीट ठेवली कुणी?"

"जवळपास आलीस. एका रसानंतर दुसरा रस यायला खूप काळ गेला. तोवर वर माती झाली होती. मग तापलेला रस त्या मातीवर आला आणि माती भाजून निघाली. भट्टीतल्या विटेसारखी."

आबा टेकून बसले होते. "बाईंनी दगडाला पण शाळंत घातलं," ते म्हणाले. अश्विनी हसली.

"हा पट्टा कुठपर्यंत जातो?" राजीने विचारलं.

"सगळ्या डोंगराला फिरून येतो. तुझ्या कमरेला लहानपणी करदोटा बांधला होता ना, ओंकारच्या आहे बघ, तसा. हा डोंगराचा करदोटा."

राजीला ते फार आवडलं. तिने ओंकारचा शर्ट वर करून त्याचा काळा दोरा पाहिला, मग कड्याकडे पाहिलं, मग पुन्हा दोरा.

चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि भेळ खाऊन झाली. कल्याण फोटो काढायला पायरीच्या उजव्या टोकाकडे गेला. अश्विनी टाक्यावर ओंकारचे हात धुवायला घेऊन गेली. आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मनकर्णाबाई गुहेच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. चढ चढून पाय जड झाले होते आणि कातळ गार होता.

"आजी," राजी जवळ येऊन म्हणाली, "करदोट्याला गाठ असते. ओंकारच्या आहे. मग डोंगराच्या करदोट्याची गाठ कुठे आहे?"

प्रश्न ऐकून मनकर्णाबाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत असा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला होता. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "तूच शोध बरं."

बांगड्या वाजल्या. मग वाजायच्या थांबल्या.

डोळा लागला नव्हता, असं त्या नंतर स्वतःला सांगत राहिल्या. कदाचित क्षणभर लागला असेल. त्यांनी डोळे उघडले तेव्हा अश्विनी ओंकारला कडेवर घेऊन समोर उभी होती.

"आई, राजी कुठंय?"

"तुझ्याकडे आली नाही?"

"नाही."

"मग कल्याणबरोबर असेल."

कल्याण पायरीच्या उजव्या टोकाकडून परत येत होता. एकटाच होता.

अश्विनीने हाक मारली. समोर, दरीपलीकडे, दुसऱ्या डोंगराचा कडा होता. हाक त्यावर आपटून परत आली. दुसरं काहीच आलं नाही. कल्याणने हाक मारली, "राजू!" मग अश्विनीने, "बाळा!" मग आबांनी आपल्या जाड आवाजात. तिघांच्या हाका आणि त्यांचे पडसाद एकमेकांत मिसळले, दरी आवाजाने भरून गेली आणि रिकामी झाली. कुठूनही ओ आली नाही.

पायरी रुंद होती, पण तिच्या कडेला वाळत चाललेलं गुडघाभर गवत होतं आणि गवत संपायचं तिथेच जमीन संपायची. कल्याण पोटावर झोपला आणि त्याने कडेवरून खाली पाहिलं. तो काय बघतोय, हे कुणी विचारलं नाही. उठला तेव्हा तो नुसती मान हलवून "नाही" म्हणाला आणि दहा पावलं सरकून पुन्हा झोपला.

मनकर्णाबाई उभ्या होत्या तिथेच उभ्या होत्या. मूल हरवलं की काय करायचं, हे त्यांनी सहलींच्या वेळी कितीतरी शिक्षकांना सांगितलं होतं. त्यातलं आता एक अक्षर आठवत नव्हतं. अश्विनीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिच्या नजरेत त्यांचाच शब्द होता, गाडीत बसण्याआधी दिलेला.

दरीतून ढगाचा एक पांढरा तुकडा वर सरकत होता.

"राजी!" अश्विनी पुन्हा ओरडली. या वेळी आवाज चिरकला.

तिच्या कडेवरच्या ओंकारने ओठांवर बोट ठेवलं. "आई, राजी ओ नाही देणार," तो हळूच म्हणाला. "एकच झाली."

"काय एकच झाली?"

"हाक."

मनकर्णाबाई वळल्या. आबांनी टोपी काढली. दोघांची नजरानजर झाली आणि आबांचा चेहरा उतरला.

"पोरीनं खरंच धरलं का काय मनात?" ते म्हणाले. "म्या तर आपलं गंमत म्हणून..."

"सगळे गप्प राहा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा आला, आणि त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "कुणीही हाक मारायची नाही. कल्याण, तूही नाही."

आतापर्यंत प्रत्येकाने वेगळ्या नावाने, वेगळ्या आवाजात, एकेक हाक मारली होती. मध्ये पडसाद. मुलीने मोजायच्या तरी कशा?

त्यांनी तोंडाभोवती हात धरले. "राजी!" पडसाद येऊन विरेपर्यंत थांबल्या. "राजी!" पुन्हा थांबल्या. ओंकार त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"राजी!"

"ओ..."

बारीक, लांब आवाज. तो दरीतून आला, अगदी खालून. अश्विनीच्या तोंडून हुंदका फुटला आणि कल्याण उतरायच्या वाटेकडे पळाला.

"थांब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तो पडसाद आहे. समोरच्या कड्यावर आपटून आलाय. त्याच्या आधी एक आला होता, बारीक. तो या बाजूने आला."

त्यांनी डावीकडे हात केला. आणि हात करताकरताच त्यांना कळलं. हाताच्या रेषेत, कड्याला धरून, तांबडा पट्टा गेला होता. मगाशी काठीने त्यांनी हीच दिशा दाखवली होती. गाठ कुठे आहे? तूच शोध बरं.

गुहेच्या डाव्या अंगाला कारवीचं एक दाट झुडूप होतं. ते बाजूला केल्यावर वाट दिसली. ती माणसांनी केलेली वाट नव्हती. तांबडा थर मऊ असतो. पाऊस आणि वारा त्याला कोरत आत नेतो आणि वरचा काळा कातळ तसाच पुढे राहतो. त्यामुळे कड्याच्या पोटात वळचणीसारखी एक जागा तयार होते. माकडं तिथून जातात. उजव्या हाताला भिंत, डोक्यावर कातळ, डाव्या हाताला काही नाही.

तांबड्या धुळीत लहान बुटाचा ठसा होता. टोक पुढच्या दिशेला.

"आई, तू थांब. मी जातो," कल्याण म्हणाला.

"तू पुढे होऊन अडकलास तर मला जाता यायचं नाही. आणि माझ्या हाकेला तिने ओ दिलीय. तू मागे ये. माझा पदर धर."

त्यांनी पदर कमरेभोवती दोनदा फिरवून घट्ट खोचला आणि टोक कल्याणच्या हातात दिलं. मग त्या खाली बसल्या आणि गुडघ्यांवर, हातांवर, पुढे सरकू लागल्या. काही अंतरापर्यंत जागा पाटाएवढी रुंद होती. मग ती कमी झाली. डावीकडे बघायचं नाही, असं ठरवूनही डोळ्याच्या कोपऱ्यातून ती पोकळी दिसत होती. तिच्यातून गार वारा येत होता आणि खूप खाली झाडांचे शेंडे गवताएवढे होते. मागे कल्याणचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झालेल्या मुलासारखा मोठा.

कडा थोडा वळला आणि राजी दिसली.

तिथे एक काळा दगड उभा होता. सगळ्या डोंगराचे थर आडवे, हा एकटा वरपासून खालपर्यंत उभा, भिंतीसारखा. तांबडा पट्टा त्याच्यापाशी येऊन तुटला होता. त्या उभ्या दगडाच्या बुडाशी, बसायच्या पाटापेक्षा लहान जागेत, राजी भिंतीला पाठ लावून उभी होती. आणि तिच्या आणि मनकर्णाबाईंच्या मध्ये वाट नव्हती. ती ओलांडून गेल्यावर तांबडी माती ढासळली होती. तिथे नुकता तुटल्यासारखा ताजा, ओला तांबडा रंग दिसत होता.

"आजी, तू तीनदा हाक मारलीस ना?" राजी म्हणाली. "मी मोजल्या."

"हो. चांगलं केलंस."

"आधी पण कुणीतरी हाका मारत होतं. पण एकेक. मी गप्पच बसले."

"हो."

"आजी, माझ्या मागची वाट पडली."

इतका वेळ तिचा आवाज धीट होता. हे वाक्य बोलताना तो कापला. तिने खाली पाहिलं.

"खाली नाही. माझ्याकडे बघ," मनकर्णाबाई म्हणाल्या. आपला आवाज कापला तर पोरगी पडेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसं बोलल्या. "आपला तास चालू आहे. मी विचारेन, तू सांगायचं. तुझ्या डाव्या हाताला काय आहे?"

"दगड."

"कुठल्या रंगाचा?"

"तांबडा."

"नखाने खरवडून बघ."

थोडी धूळ खाली गेली. "पडतोय."

"मग त्याला धरायचं का?"

"नाही."

"त्याच्या वरचा?"

"काळा." राजीने हात वर नेऊन ओढून पाहिला. बांगड्या किणकिणल्या. "हा हलत नाही."

"का बरं हलत नाही?"

"तो रसाचा आहे. तांबडी माती आहे."

"शाब्बास. आता भिंतीकडे तोंड कर. हळू. काळ्यात भेग आहे, तिच्यात बोटं घाल."

राजी वळली. मागे कल्याण आडवा झाला होता आणि त्याने पदर सोडून आईची कंबर दोन्ही हातांनी धरली होती. दरीतला ढग आता पायाखाली आला होता. त्याची एक पातळ पट्टी राजी आणि आजीच्या मधून गेली आणि क्षणभर मुलगी पुसट झाली.

"आजी, पाय कुठे ठेवू?"

मनकर्णाबाईंच्या तोंडात शब्द तयार होते. तूच बघ बरं. इतक्या वर्षांची सवय जिभेवर येऊन उभी राहिली. राजी बघायला म्हणून मान खाली वाकवू लागली आणि तिचं अंग भिंतीपासून, पोकळीच्या बाजूला, सुटलं.

"बघू नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते. उजव्या गुडघ्याच्या खाली काळा दगड बाहेर आलाय. उजवा पाय उचल. आडवा आण. अजून. ठेव. तो पक्का आहे. मी बघतेय त्याला, पक्का आहे."

पाय टेकला.

"आता उजवा हात पुढच्या भेगेत. वर, तुझ्या कानाएवढ्या उंचीवर. तिथेच. आता सगळं वजन उजव्या पायावर. आता डावा पाय."

राजीने डावा पाय उचलला आणि त्याच वेळी ती उभी होती ती तांबडी जागा सुटली. आवाजसुद्धा फार झाला नाही. एक ढेकूळ ढगात शिरलं. ते खाली पोचल्याचं कुणालाच ऐकू आलं नाही. राजी काळ्या भेगेला बोटांनी लटकली होती, एक पाय दगडावर, एक पाय हवेत. ती ओरडली नाही. तिने फक्त मान वळवून आजीकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंनी एका हाताने कातळ धरला आणि जेवढं वाकता येईल त्याच्याहून जास्त वाकल्या. कल्याणचे हात कमरेत रुतले. त्यांच्या मुठीत मुलीचं मनगट आलं आणि बांगड्या फुटल्याचा आवाज झाला. त्यांनी ओढलं. कल्याणने दोघींना ओढलं. मग राजी त्यांच्या अंगावर होती, तिची हनुवटी त्यांच्या खांद्यात रुतली होती आणि तिघं त्या वळचणीत आडवे पडून होते. कुणाचे हात कुणाचे पाय, ते कळत नव्हतं.

"हलू नका," कल्याण म्हणाला. "थोडा वेळ कुणी हलू नका."

परत येताना कल्याण उलटा सरपटत निघाला, पाठोपाठ राजी, तिच्या मागे मनकर्णाबाई. राजीच्या बुटाची टाच त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

झुडपातून बाहेर पडल्यावर अश्विनीने ओंकारला खाली ठेवलं आणि मुलीला उचललं. ती रडली नाही, मुलीला रागावलीही नाही. तिने राजीचे हात, पाय, डोकं, पाठ चाचपून पाहिलं. मनगटावर रक्त होतं, ते पुसलं तर खाली जखम नव्हती. मग तिने सासूबाईंची मूठ उघडली. तळव्यात हिरव्या काचेचे तुकडे रुतले होते. अश्विनीने ते एकेक काढले, बाटलीतलं पाणी ओतलं आणि रुमाल बांधला. हे सगळं होईपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मनकर्णाबाईंना ते कड्यापेक्षा जड गेलं.

"मी शोधायला सांगितलं तिला," त्या म्हणाल्या.

अश्विनी रुमालाची गाठ मारत होती. तिने वर पाहिलं नाही.

आबा गुहेच्या तोंडाशी उभे होते. ते जवळ आले आणि राजीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बये, ती हाक उसातली. डोंगरात पयल्या हाकेलाच ओ द्यायची. ऐकलंस का?"

"आणि उसात?"

"उसात तू जायचंच न्हाई."

राजीने मान हलवली. मग आजीकडे वळून हळूच म्हणाली, "आजी, मला गाठ सापडली. ती उभी असते."

मनकर्णाबाईंना तो उभा काळा दगड दिसला, त्याच्याशी येऊन तुटलेला तांबडा पट्टा दिसला आणि त्याच्या बुडाशी उभं असलेलं मूल दिसलं. सगळा डोंगर निवून गेल्यावर त्याला चीर पडते आणि त्या चिरेतून पुन्हा रस वर येतो, तोच हा दगड. हे सगळं त्यांना माहीत होतं. त्या खाली बसल्या.

ढग पायरीवर आला तेव्हा उतरायला सुरुवात केली. अश्विनीने आपली ओढणी काढून राजीच्या कमरेला बांधली, दोन गाठी मारून, आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळलं. राजी हसून म्हणाली, "मला करदोटा." कुणी हसलं नाही. कल्याण आबांना काखेत धरून पुढे निघाला. मनकर्णाबाई सर्वांत मागे. पुढच्या माणसाच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या दर थोड्या वेळाने बांगड्यांचा आवाज ऐकायला थांबायच्या आणि मग त्यांना आठवायचं, की बांगड्या आता नाहीत.

जंगलाच्या वर वाटेत एक तीव्र उतार होता. तिथे कातळ शेवाळाने ओला होता. ओंकार झोपेला आला होता आणि चालायला तयार नव्हता. अश्विनीने त्याला उचललं. एक हात त्याच्या पाठीला, दुसरा कातळाला लावायला हवा होता. ओढणी धरायला हात उरला नाही. कल्याण आबांना घेऊन खाली गेला होता, ढगात दिसत नव्हता.

अश्विनी थांबली. राजी ओढणीच्या टोकाला उभी राहून एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत होती.

मग अश्विनीने हाताचा वेढा सोडवला आणि टोक मागे केलं.

"आई, धरा," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी ते चांगल्या हातात घेतलं आणि मनगटाला वेढे देत राहिल्या, ओढणी आखूड होईपर्यंत. मग त्या राजीच्या मागून उतरू लागल्या.

"आजी," दोन पावलं उतरल्यावर राजी म्हणाली, "हा दगड बुळबुळीत का आहे?"

"शेवाळ आहे त्याच्यावर. त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. बाजूच्या कोरड्या दगडावर ठेव."

राजी थोडी थांबली. आजीने विचारलेलं काही नव्हतं, त्यामुळे तिला उत्तरही द्यायचं नव्हतं. तिने कोरड्या दगडावर पाय ठेवला.

मनकर्णाबाईंचा हात थरथरत होता. मघापासून तो थांबत नव्हता. ओढणी ताणलेली होती, त्यामुळे ती थरथर दुसऱ्या टोकापर्यंत पोचली असावी, कारण राजी मागे वळली.

"आजी, ओढू नको ना," ती म्हणाली. "मी इथेच आहे."